बँकॉकची टॅक्सी तुम्हाला कशी भेटली? (अनुभव धागा)

एप्रिलमध्ये बहीण आईबाबांना घेऊन माझ्याकडे बँकॉकला येतेय. परवा फोनवर म्हणाली, "टॅक्सीचं काय करायचं गं? इथे जो तो वेगळंच सांगतो." मी सहा वर्षं इथे राहते, ऑन नुट भागात. आठवड्यातून तीन-चारदा टॅक्सीत बसणं होतंच. तरी तिला एका दमात उत्तर देता येईना.

म्हणून हा धागा. फक्त "लुटतात हो" किंवा "फार चांगले लोक" एवढ्यावर थांबू नका. कुठून कुठे गेलात, किती वाजता, किती पैसे झाले, काय बोलणं झालं, तेही लिहा. त्याचाच खरा उपयोग होतो.

सुरुवात मी करते. पहिल्या वर्षी माझा सगळ्यात जास्त संताप व्हायचा तो नकाराचा. दुपारी पावणेचारला असोक चौकात उभी आहे, काचेमागे लाल दिवा लागलेली, म्हणजे रिकामी, टॅक्सी थांबते, मी खिडकीतून "ऑन नुट" म्हणते, तो मान हलवून "माय पाय" म्हणतो आणि निघून जातो. जात नाही, विषय संपला. अशा लागोपाठ पाच गेल्या की डोळ्यांत पाणी यायचं. परदेशी दिसते म्हणून नको म्हणतात, असंच मी धरून चालले होते.

मग एका काकांनी थांबून घड्याळावर बोट ठेवलं आणि "सोंग रोत" म्हणाले. ऑफिसातल्या मैत्रिणीने अर्थ सांगितला: गाडी परत द्यायची वेळ. इथले बरेच चालक गाडी बारा-बारा तासांच्या पाळीने भाड्याने घेतात. दुपारी तीन ते पाचच्या सुमारास पाळी बदलते. गाडी वेळेत पोचली नाही तर दंड त्यांच्याच खिशातून जातो. त्या वेळी डेपोच्या उलट्या दिशेचं भाडं ते कसं घेणार? तेव्हापासून चार वाजता मी सरळ स्कायट्रेन धरते. राग त्या दिवशी गेला तो गेला.

---

ठाणे. आम्ही चौघं, दोन मुलं, पहिलीच परदेशवारी.

सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्यावर टॅक्सीची यंत्रं आहेत. बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली उभी असलेली गाडी आपली. वरच्या मजल्यावर "टॅक्सी, टॅक्सी" करत मागे लागणाऱ्यांकडे आम्ही बघितलंही नाही. हा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता, त्यांचे आभार.

अडचण वेगळीच आली. चालकाने डिकी उघडली तर आत गॅसची भलीमोठी टाकी! आमच्या दोन मोठ्या बॅगांपैकी एकच मावली. दुसरी पुढच्या सीटवर उभी केली, मी मागे मुलांना मांडीवर घेऊन बसले. चार माणसं आणि मोठं सामान असेल तर यंत्रावर मोठ्या गाडीचं बटण असतं, ते दाबा. आम्हाला ते नंतर कळलं.

हिशोब देते. मीटरवर २६२ बाथ झाले, दोन टोल मिळून ७५, आणि विमानतळाचे वरचे ५०. एकूण ३८७. टोल आपणच द्यायचा असतो, नाक्यावर चालक मागे हात करतो. पहिल्यांदा मला वाटलं जादा मागतोय, आणि मी उगाच आवाज चढवला. त्याने शांतपणे पावती काढून हातात दिली.

---

सांगली. माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो.

ग्रँड पॅलेसच्या बाहेर सकाळी साडेनऊला एक नीटनेटका माणूस भेटला. म्हणाला, आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर टुकटुकने (तिकडची रिक्षा) तीन देवळं बघून या, फक्त वीस बाथ. आम्ही बसलो. एक देऊळ झालं, मग दागिन्यांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान, मग पुन्हा दागिन्यांचं. दुकानात गिऱ्हाईक पोचवलं की चालकाला तेलपाणी मिळतं. राजवाडा सकाळपासून उघडाच होता. साडेतीनला तिकीटविक्री बंद होते, आणि आम्ही परतलो तेव्हा सव्वातीन.

तिथून हॉटेलला जायला दारातच उभी असलेली टॅक्सी विचारली, तर चारशे बाथ, मीटर नाही. बायको दमली होती, दिले. दुसऱ्या दिवशी तेच अंतर मीटरने ९३ बाथमध्ये झालं. पैसे गेल्याचं एवढं नाही. बायकोला वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ) बघायचं होतं, नाव ऐकल्यापासून तिच्या मनात होतं, ते राहून गेलं याचं वाईट वाटतं.

---

(धागाकर्ती) सांगलीच्या दादा, मनापासून वाईट वाटलं. नवीन येणाऱ्यांनो, हे दोनदा वाचा. राजवाडा बंद आहे की उघडा, ते दारापर्यंत जाऊन स्वतः बघायचं, रस्त्यावर कुणाचं ऐकायचं नाही. आणि हॉटेल, मॉल, देऊळ यांच्या दारात उभी असलेली टॅक्सी घ्यायची नाही. पन्नास पावलं पुढे जाऊन चालत्या रहदारीतली थांबवायची. हात खांद्याएवढा पुढे, तळवा जमिनीकडे. आत बसण्याआधी एकच शब्द: "मीटर?" तो शब्द त्यांच्याही भाषेत तोच आहे. ३५ बाथचा आकडा लाल दिसला की निश्चिंत. लहान गाडीचं हे सुरुवातीचं भाडं १९९२ साली मीटर सक्तीचे झाले तेव्हापासून ३५ च आहे. तीस वर्षांत शहर केवढं महागलं! चालक दूरचं आणि तुंबलेल्या रस्त्याचं भाडं का टाळतात, त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

---

सोलापूर. निवृत्त शिक्षक, मुलाकडे दोन महिने राहून आलो.

मला इथल्या नावांनी वेड लावलं. पाट्या वाचाव्यात तर सगळं आपलंच: सुवर्णभूमी, राजदमरी, राम चौथा रस्ता, राम नववा रस्ता. मी मोठ्या आत्मविश्वासाने चालकाला स्वच्छ "सुवर्णभूमी" म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तीनदा म्हटलं. शेवटी मी दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आऽ, सुवन्नफूम!" तेव्हा उमगलं, लिहितात संस्कृतासारखं आणि बोलतात स्वतःसारखं. रफार गेला, भ चा फ झाला, शेवटचा स्वर गळला.

मग मी वहीच केली. राम चौथा म्हणजे "फ्रा राम सी", नववा म्हणजे "फ्रा राम काओ". हे राम म्हणजे चक्री घराण्याचे राजे, त्यांच्या क्रमांकाने रस्ते. सिलोम रस्त्यावरचं मारिअम्मनचं देऊळ कुणाला त्या नावाने कळत नाही, "वाट खेक" म्हटलं की थेट दारात. गल्लीला "सोइ" म्हणतात आणि सोइला क्रमांक असतो, म्हणून दहापर्यंतचे आकडे शिकलो: नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पेत, काओ, सिप. सुखुमवित रस्त्यावर विषम सोइ एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, पण समोरासमोर जुळत नाहीत. २४ च्या जवळपास समोर ३९ येते! चुकीच्या बाजूला उतरलात तर त्या रहदारीत वळसा घेऊन यायला वीस मिनिटं.

माझं सांगणं एवढंच, हॉटेलचं कार्ड थाई लिपीतलं घ्या. रोमन लिपीतला पत्ता पुष्कळ चालकांना वाचता येत नाही. ते ईशान्येकडच्या इसान भागातून, शेती सोडून आलेले असतात. आपल्याकडे आजोबांना इंग्रजी पत्ता दाखवावा तसंच ते.

---

पुणे. कामानिमित्त वर्षातून तीनदा.

मी ॲपवाला. ग्रॅब किंवा बोल्ट. भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो, पत्ता सांगावा लागत नाही. चॅटमध्ये मराठी नाही पण इंग्रजी लिहिलं की चालकाला थाईत दिसतं. मीटरपेक्षा थोडे जास्त जातात, मला चालतं.

पण सप्टेंबरातल्या संध्याकाळी पाऊस लागला की ॲपही हात टेकतं. मागच्या वर्षी सहा वाजता सुखुमवितवर पाऊण तास एकही गाडी मिळाली नाही, भाडं दुपटीवर गेलं. त्यांचा एक शब्द तेव्हा शिकलो, "रोत तित", गाड्या चिकटल्या. खरंच चिकटल्यासारख्याच दिसतात. अशा वेळी सोइच्या तोंडाशी नारिंगी जाकीटवाले मोटारसायकलवाले असतात, जाकिटावर नंबर असतो. एकटं असाल, सामान नसेल, तर तेच. हेल्मेट मागून घ्या. आईबाबांसाठी अजिबात नाही.

---

(धागाकर्ती) सुट्या पैशांचं राहिलं. एटीएममधून हजाराच्या नोटा येतात आणि ८५ बाथच्या भाड्याला कुणीही हजार मोडून देत नाही. आधी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घ्या, हिरव्या विसाच्या आणि लाल शंभराच्या नोटा जमवा.

---

डोंबिवली. हे लिहायला मी मुद्दाम खातं उघडलं.

आम्ही दोघी मैत्रिणी. पाहुरातला कापड घ्यायला गेलो होतो, परत येताना टॅक्सीतून उतरलो आणि माझी खांद्याची पिशवी मागच्या सीटवरच राहिली. त्यात पासपोर्ट. दुसऱ्या दिवशी रात्री विमान. टॅक्सी गुलाबी होती, एवढंच आठवत होतं, आणि बँकॉकमध्ये गुलाबी टॅक्सी किती असतील!

हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीने माझा थंड पडलेला हात धरला, बसवलं, आणि ११३७ हा नंबर फिरवला. तो पोलिसांचा नाही, जेएस १०० या रेडिओ केंद्राचा आहे. रहदारीची खबर देणारं केंद्र, टॅक्सीवाले दिवसभर तेच लावून बसतात. तिने सांगितलं, गुलाबी टॅक्सी, पाहुरातहून चारच्या सुमारास, दोन भारतीय बायका, निळी पिशवी. ते हवेवर गेलं. मी समोर बसून ऐकत होते, कळत काहीच नव्हतं, फक्त "पाहुरात" हा शब्द ऐकू आला आणि अंगावर काटा आला.

रात्री नऊ वाजता तो चालक हॉटेलात आला. पिशवी प्लॅस्टिकमध्ये नीट बांधलेली. आत कापडाची पावतीसुद्धा तशीच. मी पाचशेची नोट पुढे केली, त्याने नको म्हणत हात जोडले. मग त्या मुलीने सांगितलं, येण्याजाण्याचं मीटरचं भाडं दे, ते तो घेईल. १८० बाथ घेतले.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. मागच्या दारावर आतल्या बाजूने गाडीचा नंबर लिहिलेली पिवळी पाटी असते. बसल्या बसल्या तिचा फोटो काढायचा.

---

नाशिक. एकटीने फिरते. वरच्या ताईंची फोटोची सवय मलाही आहे, पण सुरक्षिततेसाठी. समोर डॅशबोर्डवर चालकाचं फोटोसह ओळखपत्र असतं, चेहरा जुळतो का तेही बघते. रात्री बारानंतर रस्त्यावरची न घेता ॲपनेच जाते. पर्यटक पोलीस ११५५, टॅक्सीची तक्रार १५८४, हे दोन नंबर फोनमध्ये आहेत. एकदा चालकाने अर्ध्या वाटेत मीटर बंद करून दोनशे मागितले, मी १५८४ स्क्रीनवर दाखवला, मीटर परत चालू झाला. भांडले नाही. इथे आवाज चढवला की काम बिघडतंच.

---

नागपूर. बाबांच्या शस्त्रक्रियेसाठी अकरा दिवस बँकॉकला होतो.

दुसऱ्या दिवशी जी टॅक्सी मिळाली, तिच्या डॅशबोर्डवर पितळी गणपती. बाबा व्हीलचेअरवरून गाडीत बसताना थांबले आणि मूर्तीला नमस्कार केला. चालकाने आरशात बघितलं, म्हणाला, "फ्रा फिखानेत." बाबा म्हणाले, "गणपती." दोघांनी एकमेकांचे शब्द दोनदा म्हणून बघितले. आरशाला फुलांची माळ, छताला पांढऱ्या रंगात भिक्खूंनी रेखलेली यंत्रं. (तिकडे पाय करू नका, हात लावू नका.)

उतरताना त्याने व्हीलचेअर स्वतः उघडली, ब्रेक लावला, बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. मला जमत नव्हतं इतकं अलगद. वरचे वीस बाथ दिले तर परत करत होता. त्याचा नंबर घेतला, पुढचे नऊ दिवस सकाळी साडेसातला तोच यायचा. मीटर टाकूनच. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याने आरशाची माळ काढून बाबांच्या हातात दिली. ती सुकलेली माळ आमच्या देवघरात आहे.

---

(धागाकर्ती) नागपूरकर, बाबा आता बरे असतील अशी आशा करते. कळवा.

एक महत्त्वाचं, कुणी तारखा ठरवत असेल तर. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान. चालक मोठ्या संख्येने इसानला गावी जातात, रस्त्यांवर पाण्याचा खेळ चालतो, काही रस्ते बंद असतात, आणि उरलेल्या टॅक्सी मिळणं कठीण. तरुणांना मजा येईल, पण आईला गुडघ्याचा त्रास आहे. बहिणीला आज हा सगळा धागा वाचून दाखवला. ती १७ तारखेनंतरची तिकिटं बघतेय.