कॅम्पर व्हॅनला साइड बार बसवले तर बॉडीचा पत्रा वाचतो का?

माळरान_१३

नमस्कार मंडळी. गाडी टाटा विंगर, लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.५ मीटर अंतर. आतून कॅम्पर केलेली आहे: दोन बर्थ, पाण्याची टाकी, बॅटरी, छोटा ओटा. डाव्या बाजूला सरकता दरवाजा. सगळं भरून वजन ३ टनांच्या आसपास जातं. वापर दोन प्रकारचा. एक तर सोलापुरातल्या नवी पेठ, बाळीवेस, मधला मारुती या भागातल्या गल्ल्यांतून आत-बाहेर करणं, आणि दुसरा नान्नजकडच्या किंवा उजनीच्या काठाकडच्या कच्च्या वाटा.

दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे साइड बार लावायचा विचार आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने सुचवलंय: अडीच इंची एसएस (स्टेनलेस स्टील) पाईप, २ मिमी जाडीचा, प्रत्येक बाजूला चार ब्रॅकेट. त्याच्या मते यानंतर बाजूचा पत्रा चेपणारच नाही. हे कितपत खरं? बसवायचे तर कसे बसवावेत, आणि आरटीओ किंवा इन्शुरन्सला अडचण येते का?

बार्शी_रोड

पत्रा चेपणारच नाही, हे खरं नाही. बार त्याच्या स्वतःच्या उंचीवर आणि त्याच्या आतल्या बाजूला जे आहे तेवढंच वाचवतो. तुमच्या गाडीला मार कुठे बसणार हे आधी ठरवा, मग पाईपचा विचार करा.

घरीच एक तपासणी करा. सपाट जागेवर गाडी उभी करून बॉडीच्या सगळ्यात फुगीर रेषेवरून ओळंबा सोडा. व्हॅनची बाजू सरळ उभी नसते, कमरेच्या उंचीवर बाहेर आलेली असते आणि खाली सिलपाशी, म्हणजे दरवाजाखालच्या पत्र्यापाशी, आत गेलेली असते. बार जमिनीपासून ३५ ते ४५ सेंमीवर येतो. तो ओळंब्याच्या दोरीच्या आत राहत असेल तर सरळ उभ्या भिंतीला आधी पत्राच घासणार, बार भिंतीला टेकणारसुद्धा नाही. बाजारात मिळणारे बहुतेक तयार बार असेच आत बसतात, कारण ते पाय ठेवून चढायला केलेले असतात.

तो दोरीच्या बाहेर काढायचा म्हटलं तर दुसरी अडचण. प्रत्येक बाजूला ६ सेंमी बाहेर काढलात की गाडी १२ सेंमी रुंद झाली. बाळीवेशीकडच्या गल्लीत जिथून आज गाडी जेमतेम निघते, तिथे उद्या अडकेल.

आता वळणाचं गणित बघा. स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवलं आणि पुढचं आतलं चाक ५.५ मीटर त्रिज्येवर फिरतंय असं धरा. व्हीलबेस ३.५. मागचं आतलं चाक ५.५ च्या वर्गातून ३.५ चा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळावर चालतं, म्हणजे ४.२४ मीटरवर. पुढच्या चाकापेक्षा ते तब्बल सव्वा मीटर आतून जातं. ८ मीटर त्रिज्येचं सैल वळण घेतलं तरी ८० सेंमी आत येतंच. म्हणून ज्या कोपऱ्याला पुढचं चाक आरामात चुकवतं, तोच कोपरा सरकत्या दरवाजाच्या मागच्या अर्ध्या भागाला लागतो आणि घासत घासत मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत जातो. बार कमानीच्या आधी १०-१५ सेंमीवर संपलेला असतो. सगळ्यात महाग पत्रा नेमका तिथला, आणि तो उघडाच राहिला.

उलट्या बाजूला शेपूट बाहेर फेकलं जातं. मागच्या धुरीच्या मागे १.२ मीटर बॉडी असेल तर याच वळणात मागचा कोपरा साधारण १२ सेंमी बाहेर झुलतो. भिंतीला चिकटून लावलेली गाडी काढताना मागचा कोपरा घासतो तो याच्यामुळे. दोन चाकांच्या मधल्या बारचा तिथे काही संबंध नाही.

दुचाकीचं हँडल साधारण १ मीटर उंचीवर असतं. शेजारी लावलेल्या मोटारसायकलीने दरवाजावर ओढलेली रेघ बारच्या अर्धा मीटर वरून जाते.

मग बार वाचवतो काय? सिल, तीही बुटक्या गोष्टींपासून: फुटपाथची कड, बुटका दगड, शेताच्या बांधावरचा धोंडा, मोटारसायकलचा लेगगार्ड. तेवढ्यासाठी हवा असेल तर लावा, पण ती अपेक्षा धरूनच.

पत्राकाम

वरच्या उत्तराशी सहमत. मी बसवण्याबद्दल लिहितो, कारण खरं नुकसान चुकीच्या बसवण्याने होतं.

विंगर मोनोकॉक आहे. बोलेरो किंवा ट्रॅक्सला खाली स्वतंत्र चॅसिस असते, ब्रॅकेट त्या जाड पट्टीला धरतो आणि मार चॅसिस घेते. मोनोकॉकमधे सिल आणि फ्लोअरचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा. ब्रॅकेट पातळ पत्र्याला धरला तर बारला बसलेला धक्का सरळ सांगाड्यात जातो. दरवाजाचा चेपलेला पत्रा डेंटर ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून मोकळा होतो. सिल वाकली की सरकत्या दरवाजाचा खालचा रूळ वाकतो, दरवाजा अडकायला लागतो, आणि ते काम खेचून सरळ करायचं असतं. खर्च आणि दिवस दोन्ही कितीतरी जास्त.

सगळ्यात वाईट मार बारच्या टोकाला बसतो. पाईपचं टोक दगडी खांबाला अडकलं आणि ३ टनांची गाडी ताशी ५ किमी वेगावरून ५ सेंमीत थांबली, तर सरासरी जोर ५८ किलोन्यूटन येतो. जवळजवळ ६ टन. चार ब्रॅकेटवरचे बोल्ट हा जोर लांबीच्या दिशेने घेऊ शकत नाहीत, ते पत्र्यासकट फाटून येतात. म्हणून दोन्ही टोकं आत वळवून सिलच्या खाली न्यायची आणि बंद करायची. कापलेलं उघडं टोक ठेवू देऊ नका. शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या पायाला ते लागतं, ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे.

बसवायचेच असतील तर असं करा. आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. कंपनीने दिलेले थ्रेडचे पॉइंट किंवा आतून मजबुती दिलेले क्रॉसमेंबर (तळाचे आडवे भाग) जिथे असतील तिथेच ब्रॅकेट घ्या. सिलच्या उभ्या पत्र्याला ड्रिल मारू देऊ नका आणि वेल्डिंग तर अजिबात नको. ब्रॅकेट ५ मिमी एमएस (साधं लोखंड) पट्टीचा, कोपऱ्यात गसेट (तिरका आधार) दिलेला. बोल्ट एम१०, ८.८ ग्रेडचे. कोरड्या थ्रेडला ४५ ते ५० न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. पोकळ सेक्शनमधून आरपार बोल्ट न्यायचा असेल तर आत नळीची बुशी घाला, नाहीतर आवळताना सेक्शनच चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो. प्रत्येक नव्या भोकाला झिंक प्राइमर, वर रंग, आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण).

जॅक लावायची जागा, पार्किंग ब्रेकची केबल, डिझेलची लाईन, एक्झॉस्ट आणि तुमच्या सांडपाण्याच्या टाकीचा कॉक, यातलं काही बारखाली झाकलं जात नाही ना ते बघून मगच खूण करा. बार आणि पत्रा यांच्यात ४-५ सेंमी अंतर ठेवा. कमी ठेवलंत तर बार जरा वाकला की तोच सिल चेपतो.

वजन: ६३ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा एसएस पाईप मीटरला ३ किलो भरतो. दोन बाजूंचे सव्वादोन मीटरचे पाईप आणि आठ ब्रॅकेट धरून २० किलोपर्यंत जाईल. तेवढं पाणी कमी भरावं लागेल, बाकी त्यात काही नाही.

माळरान_१३

धन्यवाद. ओळंबा सोडून बघितला. फॅब्रिकेटरने दाखवलेल्या जागी बार बसला तर तो दोरीच्या ४ सेंमी आत राहतोय. म्हणजे भिंतीसाठी उपयोग शून्य. तरी सिलसाठी लावायचा झाला तर एसएस घ्यावा की एमएसला पावडर कोटिंग? एसएस गंजत नाही म्हणून तिकडे कल आहे.

काळी_माती

एसएस स्वतः गंजत नाही, पण शेजारच्या साध्या लोखंडाला गंजवतं. ओल्या चिखलात एसएसचा मोठा पाईप आणि रंग उडालेला बॉडीचा छोटासा ठिपका एकमेकांना चिकटले की सगळा गंज त्या ठिपक्यावर एकवटतो. आपल्याकडे हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात काळी माती बार आणि सिलच्या मधे घट्ट बसते आणि आतून कित्येक दिवस ओली राहते. बाहेरून वाळलेली दिसते म्हणून कोणी धूत नाही. एसएस घेतलात तर ब्रॅकेट आणि बॉडी यांच्यात नायलॉनचा किंवा रबरी पॅड आणि बोल्टला नायलॉन बुशी हवीच. पावसाळी फेरीनंतर खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

शिवाय एसएस म्हणून काय देतात ते बघा. ३०४ ग्रेडच्या भावात हलका २०२ ग्रेड खपवतात. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्हीला तो चिकटत नाही. ओळखायला थेंबाचं टेस्ट केमिकल मिळतं, नाहीतर बिलावर ग्रेड लिहून मागा.

माझं मत एमएस. पावडर कोटिंगच्या आधी झिंक प्राइमर असावा आणि पाईपच्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांजवळ ६ मिमीचं भोक असावं, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. ओरखडा पडला तर घरी ब्रशने रंग लावता येतो. वाकला तर कापून तुकडा बदलता येतो. मार खायला लावलेली वस्तू चकचकीत कशाला हवी?

आरसी_बुक

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०१७ मधे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, त्याचा रोख मुख्यतः पुढच्या बंपरवरच्या लोखंडावर होता. बाजूचा बार गाडीच्या मूळ रुंदीच्या आत असेल आणि कंपनीच्याच पॉइंटवर बोल्टने बसवला असेल तर तुमची बाजू बरी राहते. रुंदीच्या बाहेर काढलात तर ती उरत नाही. बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या, कॅम्परचं काम आरसीवर नीट नोंदलेलं आहे का तेही त्याच फेरीत बघा.

ट्रकच्या बाजूला असतात त्या गार्डचा दाखला कोणी दिला तर तो इथे लागू नाही. पादचारी आणि दुचाकीस्वार चाकाखाली जाऊ नयेत म्हणून ते मालवाहू गाड्यांना असतात, बॉडी वाचवायला नाही.

इन्शुरन्स: नंतर लावलेली ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवली नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत. बारमुळे सिल फाटली तर सर्व्हेअर बदलाचा मुद्दा काढणारच. किरकोळ रेघेसाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट) बघा. तो पाच वर्षांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो.

बार्शी_रोड

४ सेंमी आत म्हणजे उत्तर मिळालंच. त्याच पैशात जिथे खरा मार बसतो तिथे काम करा.

फुगीर रेषेवर रबराची साइड मोल्डिंग लावा, ५-६ सेंमी रुंद. मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे आणि मागेसुद्धा तुकडे घ्या. चिकटवायला ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप, साधी स्पंजची नको. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं करून पुसा, टेप जोरात दाबा आणि ७२ तास गाडी धुऊ नका, पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. उन्हात तापलेला पत्रा हाताला सोसत नाही इतका गरम असतो, त्यावर टेप नीट बसत नाही. सकाळी सावलीत करा.

वेड्या बाभळीच्या फांद्या आणि उसाच्या हंगामात ट्रॉलीबाहेर आलेली कांडी या दोन्हींवर बार, मोल्डिंग दोन्ही निरुपयोगी. त्या १ मीटरच्या वरच ओरबाडतात. त्यासाठी दरवाजा आणि मागच्या पॅनलवर १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म. पूर्ण गाडीला लावायची गरज नाही, डाव्या बाजूला कमरेपासून काचेपर्यंत लावली तरी बराचसा त्रास जातो. फांदीची रेघ नखाला लागत नसेल तर ती फक्त वरच्या क्लिअर कोटमधे आहे, पॉलिशने निघते. नख अडकत असेल तर टचअप करा, खाली लोखंड दिसत असेल तर त्याच आठवड्यात.

सिलला दगडांचे टिपके पडतात ते बहुतेक तुमच्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खडीचे. पुढच्या चाकांमागे रुंद मडफ्लॅप आणि सिलपासून ३०-४० सेंमी उंचीपर्यंत दोन घटकांचं खडबडीत पॉलियुरेथेन कोटिंग. ते मारायच्या आधी जुना रंग ३२० नंबरच्या पेपरने घासून पूर्ण निस्तेज करायचा. चमक राहिली तर कोटिंग सालीसारखं निघतं.

आणि डाव्या आरशाखाली एक बहिर्गोल आरसा, जो मागच्या चाकाच्या कमानीवर रोखलेला असेल. गल्लीत वळताना नजर त्या चाकावर ठेवा, पुढचा कोपरा चुकला म्हणून स्टिअरिंग लवकर ओढू नका.

माळरान_१३

ठरलं, बार रद्द. मोल्डिंग, मडफ्लॅप आणि खालचं कोटिंग करतो, फिल्म डाव्या बाजूपुरती. एकच शंका: सरकता दरवाजा उघडताना तो मागच्या पॅनलवरून सरकतो. तिथे मोल्डिंग अडकणार नाही का?

पत्राकाम

अडकेल, म्हणून आधी मोजा. दरवाजा पूर्ण मागे घेऊन दरवाजाची आतली कड आणि मागचं पॅनल यांच्यातली फट तीन ठिकाणी बघा: पुढे, मधे, मागे. तिन्हींपैकी सगळ्यात कमी जी भरेल त्यातून ५ मिमी वजा करा, मोल्डिंगची जाडी त्याच्या आत हवी. मातीचा गोळा टेपच्या पट्टीने चिकटवून दरवाजा एकदा सरकवला की किती दबतो ते कळतं. फट पुरत नसेल तर दरवाजाच्या वाटेतल्या पॅनलवर मोल्डिंग सोडून द्या आणि तिथे फिल्मचे दोन थर घ्या. दरवाजावरची पट्टी बाहेरच्या बाजूला असते, तिला अडचण नाही.