तेजसच्या ऑर्डर निघाल्या, पण इंजिनाचं काय?

गगनवेडा

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस मार्क १ए लढाऊ विमानांची ऑर्डर निघाली, ६२,३७० कोटींची. २०२१ ची ८३ त्यात धरली तर एकूण १८० विमानं झाली. १७ ऑक्टोबरला ओझरला तिसरी प्रॉडक्शन लाइन सुरू झाली आणि नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं मार्क १ए उडालंसुद्धा. मला याचा मनापासून आनंद आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी मला स्वदेशीच्या विरोधात बसवणार.

ही १८० च्या १८० विमानं अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर उडणार आहेत. त्यातलं पहिलं विमान हवाई दलाला मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं आणि इंजिनाची पहिली डिलिव्हरी व्हायलाच मार्च २०२५ उजाडलं. म्हणजे विमानाचा सांगाडा आपला, डिझाइन आपलं, फ्लाय-बाय-वायरचं, म्हणजे कॉम्प्युटरमार्फत विमान चालवण्याचं सॉफ्टवेअर आपलं (आणि ते १९९८ च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने हात काढून घेतल्यावर आपल्या लोकांनी इथं बसून पूर्ण केलंय, हे विसरू नका), तरी विमान हँगरमधून कधी बाहेर पडणार हे ठरवणार तिसराच कुणीतरी.

हे आपल्याकडे पहिल्यांदा होतंय असं पण नाही. एचएफ-२४ मारुत १९६१ ला उडालं. जर्मन डिझायनर कुर्ट टँक बंगळुरूला येऊन राहिला, त्याच्याबरोबर आपल्या इंजिनिअर्सनी ते विमान केलं आणि आकाराच्या, एअरोडायनॅमिक्सच्या बाबतीत ते त्या काळाच्या कुठंच मागे नव्हतं. ज्या जास्त ताकदीच्या ब्रिटिश इंजिनाभोवती ते आखलं होतं त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही, मग कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ इंजिनांची जोडी लावून काम भागवलं, आणि स्वनातीत वेगासाठी बनवलेलं विमान त्या वेगाला नीट कधी पोचलंच नाही. १४७ बनवली, ७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर वापरली, १९९० ला निवृत्त केली. त्याच्यानंतर आपल्या डिझाइनचं दुसरं लढाऊ विमान उडायला २००१ साल उजाडलं. मधल्या काळात मारुत करणारी अख्खी पिढी रिटायर झाली, तिच्याबरोबर अनुभव पण गेला.

कावेरी या आपल्या इंजिनाचं तेच. १९८९ ला मंजुरी, तेजससाठी ८१ किलोन्यूटन थ्रस्टचं (म्हणजे विमान पुढे ढकलणाऱ्या जोराचं) इंजिन करायचं होतं, तो कमी पडला आणि वजन वाढलं, २००८ ला तेजसपासून वेगळं काढलं. त्या सगळ्या वर्षांत कावेरीवर झालेला खर्च दोन हजार कोटींच्या आसपास आणि ३६ राफेलसाठी आपण मोजले साधारण ५९ हजार कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि मग म्हणा की 'आपल्या लोकांना इंजिन जमत नाही'.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढची दहा-पंधरा वर्षं इंजिनाला विमानाइतकाच पैसा आणि विमानाइतकंच राजकीय लक्ष द्या. बाकीचं त्यानंतर बोलू.

रोखठोक

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि आपल्याकडे उरल्या लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन (तुकड्या). मंजूर किती, तर ४२. समोर चीनकडे जे-२० आहे, पाकिस्तानकडे चीनने दिलेली जे-१०सी आहेत. उद्या युद्ध झालं तर पायलटला २०४० साली येणारं इंजिन काय कामाचं? त्याला विमान आज पाहिजे. तुम्ही कावेरीच्या खर्चाची राफेलशी तुलना करता, पण राफेल आले आणि लगेच तैनात झाले, कावेरीतून ३५ वर्षांत एकही लढाऊ विमान उडालेलं नाही. कमी पैसा दिला हे खरं असेल पण जेवढा दिला त्याचा हिशोब कुणी विचारला का?

तेजसचं पण बघा ना, १९८३ ला कार्यक्रम मंजूर आणि फ्लाइंग डॅगर्स स्क्वाड्रनमध्ये दाखल जुलै २०१६ ला. ३३ वर्षं. हवाई दलाने तोवर काय करायचं, जुन्या मिगवरच पोरं बसवत राहायची? बसवलीच की, आणि किती तरुण पायलट त्यात गेले हे सगळ्यांना माहितीय. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या एफ-१६ समोर आपलं मिग-२१ गेलं होतं, हे मला आजही झोंबतं. आत्मनिर्भरता पाहिजेच, पण तिची किंमत कॉकपिटमधल्या माणसाने द्यायची नाही. माझं मत स्पष्ट आहे, ११४ परदेशी लढाऊ विमानांचा सौदा लवकरात लवकर करा, स्क्वाड्रन भरा आणि मग निवांत प्रयोग करा.

अभ्यासू_मुलगा

रोखठोक दादा, 'मग निवांत प्रयोग करा' हेच तर आपण साठ वर्षं करतोय 😞 सुखोई-३० एमकेआय ओझरला दोनशेच्या वर बनवली, त्याचं एएल-३१एफपी इंजिन ओडिशात कोरापुटला बनतं. एवढं करून इंजिन डिझाइन करता आलं का आपल्याला? लायसन्सवर बनवताना रशियाने ड्रॉइंग दिलं तसं बनवायचं, अमुक ठिकाणी अमुकच जाडी का ठेवली ते कुणी सांगत नाही.

ओझरकर

इथं सगळे वरच्या पातळीवरचं बोलताय, मी खालचं सांगतो. नाशिकला आमचं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, विमानाचे सुटे भाग करतो, कंपनीचं नाव घेत नाही.

या धंद्यात येण्यासाठी आधी एअरोस्पेसचं क्वालिटी सर्टिफिकेट लागतं, त्याचं ऑडिट दरवर्षी, मग पाच अ‍ॅक्सिसचं मशीन लागतं आणि ते कर्ज काढल्याशिवाय येत नाही, मग पहिला नग पास व्हायला महिनोन्महिने जातात कारण प्रत्येक नगाबरोबर कागद लागतो, धातू कुठल्या लॉटचा, कुणी कापला, कुणी मोजला. हे सगळं करून ऑर्डर येते थोड्याशा सेटची. त्या दिल्या की पुढची कधी येणार कुणालाच माहीत नाही आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. चांगला ऑपरेटर तयार करायला काही वर्षं लागतात आणि काम नसलं की तो दोन महिन्यात ऑटोमोबाइलवाल्यांकडे जातो, त्याला दोष तरी कसा देणार, त्यालाही घर आहे.

म्हणून मला ९७ विमानांची ऑर्डर इंजिनापेक्षा महत्त्वाची वाटते. बंगळुरूच्या दोन लाइन वर्षाला १६ आणि ओझरची ८, अशी मिळून २४ ची क्षमता सांगतात. हा आकडा सलग आठ-दहा वर्षं खरोखर चालला तर आमच्यासारखे शेकडो लोक टिकतील, आणि उद्या इंजिनाचे भाग करायचे झाले तरी ते याच लोकांकडून करून घ्यावे लागतील ना. आणि गगनवेडा साहेब, जीईच्या उशिराचं अर्धंच सांगितलंत तुम्ही. एफ-४०४ च्या आपल्या मॉडेलची लाइन पाच वर्षं बंद होती, कारण नवीन ऑर्डरच नव्हती, ती परत चालू करून सगळे सप्लायर परत जुळवावे लागले असं जीईनेच म्हटलंय. आपण आधी ४० विमानं मागवायची, मग थांबायचं, मग २०२१ ला ८३ मागवायची, तर अमेरिकेतला सप्लायर तरी कशाला थांबेल? आमच्याकडे जे होतं तेच तिकडं झालं.

विदुला_के

मी धातुशास्त्राची आहे म्हणून एकच मुद्दा, जरा लांब होईल.

टर्बाइनच्या पहिल्या रांगेतलं ब्लेड ज्या वायूत फिरतं त्याचं तापमान ब्लेडच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त असतं. तरीही ते वितळत नाही, कारण आतून केसासारख्या बारीक वाटांनी थंड हवा खेळवलेली असते, वरून सिरॅमिकचा थर असतो आणि अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, म्हणजे धातूत कणांच्या सीमाच नसतात, त्यामुळे ताणाखाली ते फारसं लांबत नाही. हे पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. भट्टीत किती वेगाने साचा खाली ओढायचा, कुठल्या कोपऱ्यात दोष येतो, ते मात्र हजारो ब्लेड वाया घालवूनच कळतं. जगात लढाऊ विमानाचं इंजिन पूर्ण स्वतः करू शकणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत ते यामुळेच. चीनसुद्धा जे-१० आणि सुरुवातीची जे-२० रशियन इंजिनावर उडवत होता आणि स्वतःचं डब्ल्यूएस-१० भरवशाचं व्हायला त्याला कित्येक वर्षं लागली, पैशाची तिथं काही कमी नव्हती.

म्हणून नुसता पैसा वाढवा हे मला अपुरं वाटतं. चाचणीची सोय कुठं आहे? कावेरी उडत्या विमानावर तपासायला २०१० मध्ये रशियाला न्यावं लागलं, तिथं आयएल-७६ ला लावून उडवलं. उंचीवरच्या हवेच्या चाचण्याही तिकडेच. बॉक्सेस बांधायचे, न्यायचे, तारीख मिळायची वाट बघायची, दोष सापडला की परत आणायचं. एक सुधारणा तपासायला ज्यांना आठवडा लागतो त्यांच्याशी आपण कसं स्पर्धा करणार?

आणि दुसरं, कावेरी तेजसला बांधली हीच मुळातली अडचण होती असं माझं ठाम मत आहे. नवं विमान, नवं इंजिन, दोन्ही पहिल्यांदाच करणारी टीम. इंजिन लांबलं की विमान अडकतं आणि विमानाचं वजन वाढलं की इंजिनाचं लक्ष्य हलतं. जीईचं इंजिन घेऊन तेजस उडवलं हा निर्णय योग्यच होता. इंजिनाला त्याच्या गतीने चालू ठेवायला हवं होतं, ते मात्र केलं नाही.

दर्यावर्दी

स्वीडनचं उदाहरण कुणीच देत नाही? ग्रिपेनच्या पहिल्या मॉडेलमध्ये एफ-४०४ चंच स्वीडिश रूप आहे, ग्रिपेन ई मध्ये एफ-४१४. दक्षिण कोरियाचं केएफ-२१ पण एफ-४१४ वर. तुर्कस्तानचं कान सध्या अमेरिकन एफ-११० वर. या तिघांना कुणी परावलंबी म्हणत नाही. रडार, क्षेपणास्त्रं, सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर, हे ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात विमान. मार्क १ए च्या सुरुवातीच्या विमानांवर इस्राएलचं रडार आहे, मला त्याची जास्त काळजी वाटते. 'उत्तम' नावाचं रडार आपलं आहे, ते लवकर बसवा. इंजिन विकत मिळतं, सोर्स कोड कुणी देत नाही.

गगनवेडा

@दर्यावर्दी, रडारबद्दल शंभर टक्के सहमत. स्वीडनबद्दल नाही. स्वीडन दोनशे वर्षं लढला नाही आणि २०२४ ला नाटोत गेला, अमेरिका त्याचं इंजिन का अडवेल? आपण दोन शेजाऱ्यांशी लढलोय आणि परत लढावं लागू शकतं, आणि आपल्यावर निर्बंध येऊन गेलेत. १९९८ नंतर नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले होते. इंजिन एकदा विकत घेऊन संपत नाही, ते ठराविक तासांनी उघडावं लागतं, भाग बदलावे लागतात, म्हणजे विमान आहे तोवर दुसऱ्याच्या परवानगीवर राहायचं. तेजस कुणाला विकायचं म्हटलं तरी अमेरिकेला विचारावं लागणार.

@विदुला_के ताई, चाचणीचा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्येच घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. फ्लाइंग टेस्ट बेड (नवं इंजिन लावून उडत तपासायचं विमान) आणि उंचीच्या चाचणीची सोय देशात उभारणं, मी तर म्हणेन कुठल्याही नव्या इंजिनाच्या आधी हे करा. एएमसीए या आपल्या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटनच्या इंजिनाचं पुढं सरकतंय, ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं. त्या करारात ब्लेड ओतायची भट्टी आणि चाचण्या इथं होणार का, की जोडणी फक्त इथं, यावर सगळं अवलंबून आहे.

रोखठोक

चाचणीच्या सोयीला माझा विरोध नाही, उभारा. पण एक सांगा, जबाबदार कोण? हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी मे २०२५ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं की त्यांच्या आठवणीत एकही प्रकल्प वेळेत पूर्ण झालेला नाही. प्रमुखाला असं चारचौघात बोलावं लागतं म्हणजे आत किती वेळा बोलून झालं असेल. एएमसीए मध्ये खासगी कंपन्यांना बरोबरीने उतरू दिलंय ते चांगलं केलं. इंजिनात पण तेच करा, कावेरी करणाऱ्या जीटीआरई या सरकारी प्रयोगशाळेच्या एकटीच्या भरवशावर सोडू नका.

आणि दुबईच्या एअर शोत नोव्हेंबर २०२५ मध्ये तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले, त्यानंतर तेजसवर जी चिखलफेक झाली तिच्याशी माझा काही संबंध नाही. अपघात सगळ्या देशांच्या विमानांचे होतात. माझा राग उशिरावर आहे, विमानावर नाही.

ओझरकर

रोखठोक दादा, खासगी कंपन्या आल्या तरी आमच्यासारख्यांना फरक एकाच गोष्टीने पडतो, पुढच्या पाच वर्षांत किती सेट लागणार हे आज लिहून मिळतंय का. तुम्ही ११४ बाहेरून घ्या म्हणता, तर त्या पैशातून तेजसच्या पुढच्या आवृत्तीची, मार्क २ ची ऑर्डर पुढं ढकलली जाणार नाही हे कोण सांगणार? मारुतच्या वेळी पण इथं मिग येतच होतं की.

रोखठोक

ढकलू नये. इंजिनाचा आणि मार्क २ चा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, खरेदीच्या बजेटला त्याचा हात लागू नये आणि त्याच्या बजेटला खरेदीचा. एवढं मला मान्य आहे. पण ११४ वर मी ठाम आहे, २९ स्क्वाड्रनवर दोन आघाड्या सांभाळता येत नाहीत.

गगनवेडा

वेगळं खातं, हे मला पण चालेल. ११४ वर मात्र नाही पटत. ओझरची लाइन पूर्ण वेगाने चालली तर त्यातल्या किती जागा तेजसनेच भरतील, तो हिशोब आधी करू.