मदत हवी आहे: बाकं न हटवता पहिली-दुसरीच्या वर्गाची मांडणी कशी बदलावी?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. पट 27, खोली साधारण 20 बाय 18 फुटांची. गावाने लोकवर्गणी काढून लोखंडी पायांची जोडबाकं दिली आणि खोली गच्च भरली. फरशीवर रंगवलेली संख्यारेषा बाकांखाली गेली. मण्यांची माळ किंवा काड्यांचे गठ्ठे बाकावर मांडले की उतरत्या फळीवरून घरंगळतात, मग गोळा करण्यातच तासिका संपते. गटात बसवायचं तर मुलं समोरच्याची पाठ बघत असतात.

2015 च्या आसपास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं अशा पद्धतीच्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. त्यानंतर तिथल्यासारख्या फरशा रंगवायची लाटच आली. पण माझ्या मते नुसत्या रंगाने ज्ञानरचनावाद येत नाही. मुलाला न विचारता उठता आलं पाहिजे, साहित्य स्वतःच्या हाताने घेता आलं पाहिजे, भिंतीवर लिहिता आलं पाहिजे.

बाकं सरळ व्हरांड्यात काढणं मला पटत नाही. पालकांनी ती मोठ्या हौसेने दिलीत. "इंग्रजी शाळेतली पोरं बाकावर, आमची का खाली?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. थंडीत फरशी गार पडते, शिवाय एका मुलीला पायाच्या दुखण्यामुळे मांडी घालता येत नाही.

सध्या डोक्यात असं आहे: निम्मी बाकं मागे समोरासमोर जोडून दुसरीसाठी, पुढची जागा मोकळी ठेवून सतरंजीवर पहिली, आणि दुपारनंतर अदलाबदल. कोणी असं केलंय का? एका गटाला शिकवताना दुसऱ्याचा गोंगाट कसा आवरता?

बाकाची उतरती फळी वेल्डरकडून सपाट करून घेता येते का, की फ्रेमच कमकुवत होते?

भिंतीवर खालून तीन फुटांपर्यंत मुलांसाठी फळा करायचाय, पण पावसाळ्यात तिथेच ओल येऊन पोपडे सुटतात. रंगाऐवजी प्लायवर फळ्याचा रंग देऊन तो भिंतीपासून थोडा सोडून ठोकला तर टिकेल का?

पैशांचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चासाठी मिळणारं संयुक्त अनुदान आमच्या शाळेच्या एकूण पटाला वर्षाला 25,000 रुपये, त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती. त्यामुळे स्वस्तातले उपाय आधी सांगा. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचंय. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे आराखडा ठेवणार आहे. तुमच्या वर्गांचे फोटो असतील तर नक्की टाका, पालकांना दाखवायला फार उपयोग होईल.