गावच्या नळयोजनेसाठी सेन्सर-अ‍ॅपचं पॅकेज घ्यावं का?

माणदेशी_पाणीसमिती
मंडळी, आमची वाडी माण तालुक्यात, वस्ती 900च्या आसपास. जलजीवनमधून घरोघरी नळ आले, टाकी 50 हजार लिटरची. विहीर लांब ओढ्याकाठी. मोटरला लागणारी थ्री फेज वीज आली का बघायला आमचे मोटर चालवणारे अण्णा साठीच्या वयात गाडी मारत तिथं जातात. तरी रोज सकाळी ग्रुपवर तेच, "वरच्या आळीला पाणी न्हाई." आता एक विक्रेता टाकीला सेन्सर, मोबाइलवर डॅशबोर्ड आणि घरोघरी स्मार्ट मीटर असं सगळं गळ्यात मारतोय. पाणीपट्टी निम्मी थकलेली. पैसे नक्की कशावर घालावेत?

विहीरवाला
आधी विहिरीवर मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद होते. शेतात निम्म्या गावाकडे असतो, अण्णांना शिकवायला लागणार नाही. ड्राय रन (पाण्याविना मोटर फिरणं) आणि सिंगल फेजिंगचं (एखादा फेज जाणं) संरक्षण असलेलाच घ्या, नाहीतर उन्हाळ्यात मोटर जळालीच म्हणून समजा. आणि सिमचं रिचार्ज कुणी मारायचं ते समितीत ठरवा. भांडणं तिथंच होतात.

वॉल_आणि_वायसर
माणशी रोज 55 लिटर धरा. 900 माणसांना 49,500 लिटर, म्हणजे टाकी दिवसाला एकदा भरली की भागायला हवं. तुमची किती वेळा भरते? दोनदा भरूनही वरची आळी कोरडी असेल तर पाणी मुरतंय कुठंतरी, आणि ते डॅशबोर्डला दिसणार नाही. टाकीच्या आउटलेटला एकच साधा मीटर बसवा. अण्णांनी रोज आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, तुम्ही तो गुगल शीटमध्ये भरायचा. एका रात्री सगळे वॉल (व्हॉल्व्ह) बंद करून टाकीतली पातळी मोजा, पहाटे परत मोजा. उतरली तर टाकी गळतेय नाहीतर बंद वॉलमधूनही पाणी जातंय. खालच्या आळीत नळाला थेट मोटर कोण लावतं तेही बघा, सेन्सर नावं सांगत नसतो!

ताई_ग्रामपंचायत
थकबाकीसाठी मागणी बिलावर क्यूआर छापा, पण खातं ग्रामपंचायतीचंच हवं, कुणाचं खासगी नको. आमच्याकडे पुण्या-मुंबईला असलेली पोरं तिथूनच भरतात.

माणदेशी_पाणीसमिती
टाकी दोनदाच भरतो की! मीटर बघतो. आउटलेटचा पाइप 90 एमएम एचडीपीई (काळा प्लास्टिकचा) आहे, कुठला घेऊ?

वॉल_आणि_वायसर
80 एमएमचा, फ्लँजवाला (नट-बोल्टनं जोडायचा). मीटरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला गाळणी लावा आणि थोडा सरळ पाइप सोडा, एल्बोला चिकटवू नका.