टी२०६: माप कमी भरलं म्हणजे कार्ड कापलेलंच का?

टी२०६ म्हणजे अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी जुनी बेसबॉल कार्डं. त्यातल्या एखाद्याची रुंदी अर्धा मिलिमीटर कमी भरली, की ते नवंकोरं दिसावं म्हणून कोणीतरी त्याच्या कडा कापल्यात, असा निष्कर्ष काढणं जरा घाईचं आहे. टी२०६चं ठरलेलं माप १ ७/१६ बाय २ ५/८ इंच, म्हणजे साधारण ३६.५ बाय ६६.७ मिमी. पण १९०९ ते १९११च्या त्या कटाईत थोडं कमीजास्त असायचंच. शिवाय आधी कार्डाच्या मागची सिगारेट ब्रँडची जाहिरात बघा. 'अमेरिकन ब्यूटी'ची कार्डं मुळातच अरुंद असतात. 'पीडमाँट'च्या शेजारी ठेवून मोजलीत तर फसगत ठरलेली.

मापापेक्षा कडेवर भरवसा ठेवा. दहापट भिंगाखाली चारही कडा बघा. कोपरे गोलावलेत, तीन कडा मळकट आहेत आणि चौथी मात्र पांढरीफटक, धारदार, तर तिथे पातं फिरलंय. पीएसए ही कंपनी कार्डं तपासून त्यांना १ ते १० असा दर्जाचा आकडा देते आणि डबीत सीलबंद करते. असं कार्ड तिच्याकडे पकडलं गेलं की आकडा मिळत नाही, नुसतं 'ऑथेंटिक', म्हणजे अस्सल, एवढाच शेरा. पण सीलबंद डबी म्हणजे हमी नव्हे बरं का! पीएसए ८ मिळालेलं, होनस वॅग्नर या खेळाडूचं प्रसिद्ध कार्ड आपणच कापल्याचं लिलावकर्ते बिल मास्ट्रो यांनी २०१३मध्ये कबूल केलं.

नक्कल ओळखायला चेहरा बघू नका, चित्रात मुळातच ठिपके असतात. खाली छापलेलं खेळाडूचं नाव बघा. अस्सल कार्डात तपकिरी शाई सलग दिसते. अक्षरं ठिपक्यांची असतील तर ते पुनर्मुद्रण. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो अलीकडचाच.