साथीत लोक खरंच काळजी घेतात का, हे मोजायचं कसं?

प्रश्न (धुळे, समाजकार्याची विद्यार्थिनी): पुन्हा साथ आलीच, तर मास्क, हात धुणं, लसीबद्दलचं मत हे गावागावांतून दर आठवड्याला टिपायचं आहे. घरोघरी प्रश्नावली पुरेल का?

आशाताई, रावेर तालुका: ताई, नुसती प्रश्नावली नको. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत मी घरोघर फिरले, ताप अन् ऑक्सिजन मोजला. मास्क वापरता का विचारलं की सगळे ‘हो’. मास्क दाराच्या खिळ्याला टांगलेला, दोरी धुळीनं काळी. केळी कापणारे मजूर मात्र ‘नाही’ म्हणायचे, अन् तोंडाला रुमाल घट्ट बांधलेला! म्हणून बाजाराच्या दिवशी एका जागी उभं राहून मोजा, नाक उघडं असलेले वेगळे लिहा. लस का नको, हे सुनेला सासूसमोर विचारू नका, उत्तर सासूच देते. एकटीनं बोलल्या तेव्हा कळलं: लसीनं ताप आला तर मजुरी बुडेल, ही भीती. ती कुठल्याच रकान्यात नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

जळगावहून: ताईंशी सहमत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा फेसबुकवरचा कोरोना सर्वे एप्रिल २०२० ते जून २०२२ चालला, २०० हून जास्त देश-प्रदेशांत. कल कळतो, पण सातपुड्यातला बिनफोनचा पाडा त्यात येत नाही. अन् प्रश्नाचे शब्द मध्येच बदलू नका, आठवड्यांची तुलनाच होणार नाही.

प्रश्नकर्ती: शिरपूरच्या बाजारापासून सुरू करते. ताई, सकाळी तासभर पुरेल?

आशाताई: दुपारीही थांबा. उकाड्यात मास्क हनुवटीवर येतात.