लेखकाच्या आयुष्यात चित्र काढण्यासारखं काय असतं?

"लेखक म्हणजे टेबलाशी बसलेला माणूस, त्याच्या चित्रचरित्रात (म्हणजे मुलांसाठी चित्रांतून सांगितलेल्या चरित्रात) पोरांनी बघायचं काय?" असं कुणी म्हटलं, तर मला नाही पटत. जन्म, शाळा, पुरस्कार, निधन अशी रांग लावली तर जांभया येणारच. पण 'पीटर रॅबिट' या सशाच्या गोष्टी लिहिणारी इंग्रज लेखिका-चित्रकार बिअ‍ॅट्रिक्स पॉटर घ्या. ४ सप्टेंबर १८९३ ला तिने नोएल नावाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला पत्र लिहिलं. काय लिहावं सुचेना, म्हणून चार सशांची गोष्टच सांगितली, मधे मधे चित्रं काढून. पोराने पत्र जपलं, म्हणून पुढे त्या गोष्टीचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा तिला ते उसनं मागून घेता आलं. प्रकाशक नको म्हणाले, तेव्हा १९०१ मध्ये तिने पदरमोड करून पुस्तकाच्या २५० प्रती छापल्या. यातल्या कुठल्या पानावर चित्र निघणार नाही?

नौपाड्यातल्या माझ्या भाचीला हे सांगितलं, तर तिला पुस्तकाचं काहीच नाही, राग कशाचा तर दिलेलं पत्र परत मागितल्याचा! पुढच्या आठवड्यात मला ताप आला, तेव्हा वहीच्या पानावर मांजराची सचित्र गोष्ट आली. खाली ठळक अक्षरांत : "मामा, हे मी परत मागणार नाही."

मराठीत साने गुरुजींवर असं पुस्तक करायचं तर त्यांच्या जन्मगावापासून, पालगडपासून सुरुवात नको. १९३३, नाशिकचा तुरुंग आणि कोठडीत 'श्यामची आई' लिहीत बसलेले गुरुजी, हे पहिलं पान.